शाळामास्तर ते ऑलिंपिक मार्गदर्शक : मरहूम सय्यद अब्दुल रहीम

पालक-शिक्षक सभेत दरवर्षी एक तक्रार हमखास ऐकू येते. मुलगा अभ्यास सोडून सारखा मैदानावर असतो, त्याला जरा समज द्या, असे कोणी ना कोणी वालिद उठून सांगतात. त्यांचे म्हणणे अगदीच चूक असते असे नाही. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी मुलाला शाळेत घातलेले असते आणि निकालाच्या दिवशी मैदानावरचे गोल कोणी मोजत नाही. आपल्या घरांतून तर पिढ्यान्‌पिढ्या असेच सांगत आले आहेत की, लिहिण्या-वाचण्याने माणूस नवाब होतो आणि खेळण्या-बागडण्याने वाया जातो. दुसऱ्या बाजूला वर्गातील खेळाडू मुले वेगळीच समजूत करून घेतात. चेंडू चांगला मारता आला की पुस्तकाची काय गरज, असे त्यांना वाटते.

या दोन्ही समजुतींना एका माणसाच्या आयुष्याने चोख उत्तर दिलेले आहे. हा माणूस नवाब नव्हता. तो तुमच्या-आमच्या शाळेत असतो तसा एक बी.ए. झालेला शिक्षक होता. वर्गात शिकवणे आणि पोरांकडून खेळ करून घेणे हे त्याचे काम. त्याच शाळामास्तराने भारताला फुटबॉलमध्ये आशियाई खेळांची दोन सुवर्णपदके मिळवून दिली आणि ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीपर्यंत भारतीय संघ नेला. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. सारे हैदराबाद त्यांना रहीमसाहेब म्हणूनच ओळखत असे.

२०२४ साली त्यांच्यावर हिंदी चित्रपट आला, तेव्हा आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकले असेल. चित्रपटात रंग भरावाच लागतो. येथे मात्र त्यांचे आयुष्य साधेपणाने सांगावे, असे योजले आहे.

जन्म, शिक्षण आणि कॉलेजचे मैदान

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. त्या वेळी हैदराबाद ही निजामाच्या संस्थानाची राजधानी होती आणि आजचा आपला मराठवाडा त्याच संस्थानाचा भाग होता. १९१८ साली तेथे उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. आधुनिक विषयांचे उच्च शिक्षण उर्दू माध्यमातून देणारे हे विद्यापीठ त्या काळी सगळ्या देशाच्या कुतूहलाचा विषय होते. तेव्हाच्या औरंगाबादेत १९२३ साली सुरू झालेले कॉलेजही याच विद्यापीठाला जोडलेले होते. त्यामुळे मराठवाड्यातील कितीतरी घरांत आजोबा-पणजोबांच्या पदवीपत्रावर उस्मानियाचे नाव सापडते.

याच विद्यापीठात तरुण रहीम शिकले आणि विद्यापीठाच्या फुटबॉल संघातून खेळले. कॉलेजात शिकणाऱ्या मुलांनी फुटबॉलला जीव लावण्याचे ते दिवस होते. शहरातील सिटी कॉलेजच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी मिळून इलेव्हन हंटर्स नावाचा एक संघ बांधला होता, त्यातूनही ते खेळत. पुढे स्थानिक लीगमध्ये नावाजलेल्या कमर क्लबकडून ते मैदानात उतरले. खेळाडू म्हणून ते चांगले होते, पण त्यांचे नाव आज आपण घेतो ते त्यांनी स्वतः मारलेल्या गोलांसाठी नाही. खेळता खेळता हा खेळ कसा चालतो, चेंडू कोठून कोठे जावा आणि का जावा, याचा विचार करण्याची सवय त्यांना लागली. खेळणारे पुष्कळ असतात. खेळाचा अभ्यास करणारा त्यांत एखादाच निघतो.

मास्तरकीची नोकरी

बी.ए. झाल्यावर रहीमसाहेबांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. काचीगुडा मिडल स्कूल, उर्दू शरीफ स्कूल, दारुल उलूम हायस्कूल आणि चादरघाट हायस्कूल अशा चार शाळांत त्यांनी काम केले. मधल्या काळात त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदविका मिळवली. त्यानंतर शेवटच्या दोन शाळांत खेळांची सर्व जबाबदारी त्यांच्याकडे आली.

येथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. पदवीधर शिक्षकाने वर्गातल्या विषयाबरोबर पी.टी.चाही तास घ्यावा, यात आजही काहींना कमीपणा वाटतो. शाळेतही तो तास सगळ्यांत शेवटी ठेवला जातो आणि गणिताचा भाग मागे पडला की पहिली कात्री त्यालाच लागते. रहीमसाहेबांनी मात्र मुद्दाम अभ्यास करून, परीक्षा देऊन हे काम मागून घेतल्यासारखे स्वीकारले. त्यांच्या लेखी मैदान हाही एक वर्गच होता. वर्गात जशी पाठाची तयारी करून जायचे, तशीच मैदानावरही करायची. कोणते पोर कोठे अडते ते हेरायचे आणि त्याला नेमका तेवढाच गृहपाठ द्यायचा. पुढे देशातले सर्वांत मोठे खेळाडू त्यांच्या हाताखाली आले, तेव्हाही त्यांची ही शिक्षकी पद्धत बदलली नाही.

१९४० नंतरच्या काळात त्यांच्याकडे हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिवपद आले आणि ते अखेरपर्यंत त्यांच्याकडे राहिले. कोरा मान मिरवण्यासाठी हे पद त्यांनी सांभाळले नाही. शहरातील पोरांसाठी त्यांनी नाना तऱ्हेच्या स्पर्धा सुरू केल्या. त्या वाचल्या की लक्षात येते, हे एखाद्या शिक्षकालाच सुचू शकते.

डाव्या पायाची स्पर्धा

आपल्याकडे त्या वेळी चेंडू पायाशी घोळवत नेण्याची फार हौस होती. दोन-तीन गड्यांना चकवून पुढे गेलेल्या खेळाडूला प्रेक्षक डोक्यावर घेत, मग पुढे गोल होवो वा न होवो. रहीमसाहेबांनी चेंडू न घोळवण्याच्या स्पर्धा भरवल्या. चेंडू पायाशी आला की तो लगेच दुसऱ्याला द्यायचा, घोळवत बसायचे नाही, असा नियम. मग झाले काय, की चेंडू येण्याआधीच तो कोणाला द्यायचा हे पोरांना ठरवून ठेवावे लागले. मान वर करून सोबती कोठे उभे आहेत ते पाहण्याची सवय लागली. एकट्याने मिरवण्याऐवजी अकरा जणांनी मिळून खेळणे त्या नियमाने शिकवले.

दुसरी स्पर्धा होती कमजोर पायाची. बहुतेक जण उजव्या पायाने खेळतात आणि डावा पाय नुसता टेकायला वापरतात. अशा खेळाडूला प्रतिस्पर्धी सहज एका बाजूला कोंडू शकतो. म्हणून ज्याचा जो पाय कच्चा, त्याच पायाने चेंडू मारायचा, अशी ही स्पर्धा. सुरुवातीला चेंडू भलतीकडे जात असतील, बघणारे हसतही असतील. पण काही महिन्यांनी त्या मुलाला दोन पाय मिळत, आणि ते त्याला आयुष्यभर पुरत.

आपल्या शाळांतही प्रत्येक मुलाचा एक पाय असा कच्चा असतो. कोणाचे इंग्रजी, कोणाचे गणित, तर कोणाला चार लोकांत उभे राहून बोलता येत नाही. आपण काय करतो? ज्या विषयात गुण पडतात तोच पुन्हा पुन्हा घोकतो आणि कच्चा विषय लपवत राहतो. रहीमसाहेबांनी कच्चा पाय लपवू दिला नाही. त्यांनी त्याचीच स्पर्धा लावली. तालीम म्हणतात ती हीच.

पोलिसांचा संघ आणि मुंबईचे कूपरेज मैदान

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. तेथील मुसलमानांसाठी ते दिवस फार अवघड होते. अनेकांच्या नोकऱ्या गेल्या, अनेक घरे विस्कटली, पुढे काय होणार या चिंतेने माणसे खचली होती. अशा वेळी रहीमसाहेबांनी आपले मैदान सोडले नाही. १९५० साली हैदराबाद सिटी पोलीस या संघाच्या प्रशिक्षणाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि भारतीय फुटबॉलमध्ये एक नवे पर्व सुरू झाले.

मुंबईची रोव्हर्स कप ही देशातील अत्यंत जुन्या स्पर्धांपैकी एक. १८९१ साली ती सुरू झाली तेव्हा गोऱ्या पलटणींचे संघच ती जिंकत. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती पहिल्यांदा भारतीयांच्या हाती आणली. अशी ही मानाची स्पर्धा हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकली. १९५० साली त्यांनी ड्युरँड कपही पटकावला. कूपरेज मैदानावर दरवर्षी हैदराबादचा संघ यायचा आणि कप घेऊन परतायचा, असा जणू रिवाजच पडला. रोव्हर्स कप आता होत नाही, परंतु तो पराक्रम फुटबॉलच्या इतिहासात कायमचा नोंदला गेला आहे.

नूर मुहम्मद, अझीझुद्दीन अशी या संघातली पोरे साध्या घरांतली होती. पोलीस खात्यातली नोकरी सांभाळून ती खेळत. संघात नामांकित खेळाडू विकत आणून भरलेले नव्हते. गल्लीतल्या मुलाला हेरून, घडवून, मग संघात घ्यायचे, ही मास्तरांची रीत.

१९५६-५७ आणि १९५७-५८ अशी दोन वर्षे हैदराबादने राज्यांची संतोष ट्रॉफीही जिंकली. दोन्ही अंतिम सामन्यांत समोर मुंबईचा संघ होता. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आला होता. त्यामुळे तेथील फुटबॉलप्रेमींनी त्या सामन्यांत टाळ्या कोणासाठी वाजवल्या असतील, हे सांगणे अवघडच आहे.

हेलसिंकीचा धडा

१९५१ साली पहिले आशियाई खेळ नवी दिल्लीत भरले. भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक रहीमसाहेब होते. इंडोनेशिया आणि अफगाणिस्तान यांना प्रत्येकी ३-० असे हरवून भारत अंतिम सामन्यात गेला. तेथे इराणविरुद्ध साहू मेवालाल यांनी केलेल्या एकमेव गोलवर सुवर्णपदक मिळाले. संघाचे कर्णधार शैलेन मन्ना होते. स्वातंत्र्याला अजून चार वर्षेही पुरी झाली नव्हती. देशभर आनंद झाला.

पण पुढच्याच वर्षी, जुलै १९५२ मध्ये, हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे धुऊन काढले. आपले बरेचसे खेळाडू अनवाणी खेळत. आपल्या कोरड्या मैदानावर अनवाणी पायाला चेंडू छान समजतो, पण युरोपच्या थंड, ओल्या गवतावर बूट घातलेल्या धिप्पाड गड्यांपुढे त्या पायांचा टिकाव लागला नाही. शिवाय आपल्याकडचे सामने ९० मिनिटांपेक्षा कमी वेळाचे असत, त्यामुळे पुरा वेळ पळण्याइतका दमही नव्हता.

दहा गोलांचा हा पराभव एखाद्याला कायमचा खाली बसवू शकला असता. दोष देण्यासाठी हवामान होते, पंच होते, नशीब होते. रहीमसाहेबांनी त्याकडे नापास झालेल्या उत्तरपत्रिकेप्रमाणे पाहिले. कोठे कोठे गुण गेले ते तपासले. या पराभवानंतर देशातील फुटबॉलमध्ये बूट घालून खेळणे सक्तीचे झाले. खेळाडूंचा दम वाढवण्यावर रहीमसाहेबांनी भर दिला. परदेशातील संघ कसे खेळतात याचाही त्यांनी बारकाईने अभ्यास केला.

नोव्हेंबर १९५३ मध्ये हंगेरीने इंग्लंडला त्यांच्याच वेम्बली मैदानावर ६-३ असे हरवले, तेव्हा सगळे फुटबॉल जग चकित झाले होते. हंगेरीने आपला सेंटर फॉरवर्ड पुढे न ठेवता मागे खेचला होता. त्याच्यावर पाळत ठेवणाऱ्या बचावपटूला त्याच्यामागे जावे की जागेवर थांबावे हेच कळेना. ही युक्ती रहीमसाहेबांनी आपल्या संघात आणली. पुढे १९५८ साली ब्राझीलने चार बचावाला, दोन मध्ये आणि चार आघाडीला, अशी मांडणी करून विश्वचषक जिंकला. ती मांडणी भारतात रुजवण्याचे श्रेयही रहीमसाहेबांकडेच जाते. ज्या काळात टी.व्ही. नव्हता, चित्रफिती सहज मिळत नव्हत्या, त्या काळात हैदराबादेत बसून एका शिक्षकाने जगातले नवे ज्ञान मिळवले आणि ते आपल्या मुलांना समजेल अशा रीतीने शिकवले. बी.ए.ची पदवी फुकट गेली नव्हती, हे यावरून दिसते.

मेलबर्न : चार वर्षांनी तोच पेपर

१९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताचा पहिला प्रतिस्पर्धी हंगेरी होता, पण तो संघ आलाच नाही आणि भारताला पुढे चाल मिळाली. पुढचा सामना यजमान ऑस्ट्रेलियाशी. तो भारताने ४-२ असा जिंकला. मूळचे गोव्याचे आणि मुंबईत खेळून नावारूपाला आलेले नेव्हिल डिसोझा यांनी त्यात तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. भारत उपांत्य फेरीत गेला. आशियातील कोणताही देश त्यापूर्वी तेथपर्यंत पोचला नव्हता.

उपांत्य सामन्यात समोर पुन्हा युगोस्लाव्हिया होता. चार वर्षांपूर्वी दहा गोल करणारा तोच देश. या वेळी पहिला गोल भारताने केला, तोही नेव्हिल यांनीच. काही वेळ भारत चक्क पुढे होता. शेवटी युगोस्लाव्हियाने सामना ४-१ असा जिंकला आणि कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने आपल्याला ३-० असे हरवले. भारत चौथा आला. पदक हुकले, पण १०-१ पासून ४-१ पर्यंतचे हे अंतर कापणे म्हणजे काय, हे शिक्षकाला विचारावे. दोन्ही वेळा युगोस्लाव्हियाने रौप्यपदक मिळवले होते, म्हणजे पेपर सोपा झाला नव्हता. विद्यार्थी तयार झाला होता.

त्या संघात हैदराबादचे अनेक खेळाडू होते. त्यांतील तुळसीदास बलराम यांची हकीकत सांगण्यासारखी आहे. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा येथील गरीब घरातला हा मुलगा. रहीमसाहेबांच्या नजरेने त्याला हेरले आणि सरावाला हैदराबादेस येण्यास सांगितले. पण रोज एवढ्या लांब यायचे कसे? सायकल भाड्याने घ्यायलाही त्याच्याजवळ पैसे नव्हते. ते पैसे रहीमसाहेबांनी आपल्या खिशातून दिले. हाच मुलगा पुढे दोन ऑलिंपिक खेळला आणि भारताच्या सर्वश्रेष्ठ आघाडीपटूंत गणला गेला. मुलगा हिंदू, गुरू मुसलमान, असा विचार दोघांच्याही मनाला शिवला नाही. मास्तरला पोराचा पाय दिसला आणि त्याची अडचण दिसली, एवढेच.

रोम आणि घरचा खेळाडू

१९६० च्या रोम ऑलिंपिकसाठी पात्रता फेरीत भारताने इंडोनेशियाला दोन्ही सामन्यांत हरवले. रोममध्ये गट मोठा कठीण होता : हंगेरी, फ्रान्स आणि पेरू. हंगेरीकडून आपण १-२ असे थोडक्यात हरलो. फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी केली. तो गोल कर्णधार पी. के. बॅनर्जी यांचा. पेरूने आपल्याला ३-१ असे हरवले. भारत पुढच्या फेरीत गेला नाही, पण युरोपच्या संघांशी बरोबरीने लढला. भारतीय पुरुषांचा फुटबॉल संघ त्यानंतर एकाही ऑलिंपिकला पात्र ठरलेला नाही, हे वाचताना वाईट वाटते.

या रोमच्या संघात रहीमसाहेबांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम हेही होते. वडील प्रशिक्षक, मुलगा संघात. तरी हकीम यांना तीनपैकी एकाही सामन्यात उतरवले गेले नाही. ऑलिंपिकला जाऊन मुलगा बाहेर बसून राहिला आणि संघ ठरवणारा त्याचा बाप होता. आपल्या मुलाला एखादा गुण वाढवून मिळावा म्हणून शिक्षकांच्या ओळखी काढणाऱ्या आम्हा सर्वांना हा प्रसंग बरेच काही सांगून जातो. हकीम यांनी त्यामुळे खेळाशी नाते तोडले नाही. ते हवाई दलात स्क्वाड्रन लीडर झाले, आंतरराष्ट्रीय पंच झाले, प्रशिक्षक झाले. २०१७ साली त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

जकार्ताची अखेरची परीक्षा

१९६२ साली जकार्ता येथे आशियाई खेळ भरले, तेव्हा रहीमसाहेबांना कर्करोगाने ग्रासले होते. शरीर थकत चालले होते, परंतु संघाला घेऊन ते गेले. चुनी गोस्वामी कर्णधार, सोबत पी. के. बॅनर्जी आणि बलराम अशी आघाडी. बचावाला पंजाबचे जर्नेल सिंग, गोलमध्ये पीटर थंगराज, शिवाय हैदराबादचे युसूफ खान आणि मुंबईत खेळणारे गोव्याचे फ्रँको. हिंदू, मुसलमान, शीख, ख्रिस्ती, अशी सगळ्या देशातली माणसे त्या एका संघात होती.

पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरवले. मग थायलंडविरुद्ध ४-१ असा विजय मिळाला, पण त्या सामन्यात जर्नेल सिंग यांचे डोके फुटले व टाके घालावे लागले. जपानला २-० असे हरवून भारत उपांत्य फेरीत गेला. जखमी जर्नेल बचावात डोक्याने चेंडू अडवू शकत नव्हते. रहीमसाहेबांनी त्यांना चक्क सेंटर फॉरवर्डच्या जागी उभे केले. जर्नेल तरुणपणी आघाडीला खेळलेले होते, हे गुरूच्या लक्षात होते. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध भारत ३-२ असा जिंकला आणि त्यांत एक गोल जर्नेल यांचा होता.

अंतिम सामना ४ सप्टेंबर रोजी होता, आणि समोर पुन्हा दक्षिण कोरिया. मैदानाबाहेरचे वातावरण तर आणखी बिकट होते. यजमानांनी इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला, याला भारताचे प्रतिनिधी गुरुदत्त सोंधी यांनी हरकत घेतली होती. त्यामुळे जकार्तात भारताविरुद्ध संताप उसळला. भारतीय वकिलातीवर निदर्शने झाली. त्या रात्री खेळाडूंना नीट झोपही येईना. रहीमसाहेबांनी त्यांना जवळ घेतले आणि उद्या मला तुमच्याकडून एक भेट हवी, सुवर्णपदकाची, एवढीच मागणी केली, असे त्या खेळाडूंनी पुढे आठवणींत सांगितले आहे.

सेनायन स्टेडियमवर सुमारे एक लाख प्रेक्षक होते आणि ते भारताची हुर्यो उडवत होते. त्या गर्दीत भारताच्या बाजूने टाळ्या वाजवणाऱ्यांत पाकिस्तानच्या हॉकी संघातील खेळाडू होते, अशीही आठवण सांगितली जाते. तापाने आजारी असलेले थंगराज गोलमध्ये उभे राहिले. डोक्याला पट्टी बांधून जर्नेल आघाडीला. पहिल्या वीस मिनिटांत पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांनी एकेक गोल केला. कोरियाने शेवटी शेवटी एक गोल फेडला, पण भारताने २-१ असा सामना जिंकला. सुरुवातीला ज्याच्याकडून हरलो, अखेरीस त्यालाच हरवून पदक घेतले. गुरूला शिष्यांनी भेट दिली.

त्यानंतर भारताला आशियाई खेळांत फुटबॉलचे सुवर्णपदक आजतागायत मिळालेले नाही.

मायदेशी परतल्यावर रहीमसाहेबांचा आजार बळावला आणि ११ जून १९६३ रोजी हैदराबादचा हा थोर शिक्षक अल्लाहला प्यारा झाला. वय अवघे ५३ वर्षांचे. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला १९८५ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी. त्यांची खरी बिदागी म्हणजे त्यांचे शिष्य. पी. के. बॅनर्जी पुढे स्वतः मोठे प्रशिक्षक झाले. बॅनर्जी आणि चुनी गोस्वामी २०२० साली गेले, बलराम २०२३ साली गेले. तिघांनीही अखेरपर्यंत आपल्या गुरूचे नाव आदराने घेतले.

पालक आणि विद्यार्थी मित्रांस

पालकबंधू-भगिनींनो, रहीमसाहेबांचे चरित्र येथे सांगितले ते प्रत्येक मुलाने फुटबॉलपटू व्हावे म्हणून नव्हे. आपण मुलापुढे अभ्यास की खेळ असा प्रश्न ठेवतो, तो प्रश्नच चुकीचा आहे, हे ध्यानी यावे म्हणून. रहीमसाहेब कॉलेजात शिकले नसते तर ते मोहल्ल्यातले एक चांगले खेळाडू राहिले असते आणि चार-दोन वर्षांत लोक त्यांना विसरले असते. ते खेळले नसते तर एक सज्जन शिक्षक म्हणून निवृत्त झाले असते. दोन्ही पाय सारखे चालले म्हणून ते इतके दूर गेले.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी जो वर्गात मागे आणि मैदानात पुढे असतो, त्याने आपला कच्चा पाय ओळखावा. जो वर्गात पहिला येतो पण संध्याकाळी घराबाहेर पडत नाही, त्यानेही आपला कच्चा पाय ओळखावा. पेपरात दहा गोल खाल्ले तर रडत बसू नये. हेलसिंकीनंतर मेलबर्न असते आणि मधली चार वर्षे आपल्या हातात असतात.

आणि आम्हा शिक्षकांनाही यातून घेण्यासारखे आहे. आपल्या संस्थेच्या क्रीडामहोत्सवात धावणे, लांब उडी, कबड्डी यांच्या जोडीने एक सामना कच्च्या पायाचा ठेवावा, अशी माझी नम्र सूचना आहे. उजव्या पायाच्या मुलांनी फक्त डाव्या पायाने खेळायचे. खर्च काहीच नाही. पोरे हसतील, पडतील, आणि शिकतील. त्या सामन्याला मरहूम सय्यद अब्दुल रहीम यांचे नाव द्यावे.

परवरदिगार त्यांची मगफिरत करो आणि त्यांच्यासारखे शिक्षक आपल्या शाळांना लाभोत, हीच प्रार्थना.